गिटारच्या पोटातली गर्दी

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज सुधारायचा असेल तर तिच्यात नवे काही बसवण्याआधी जुने काही काढून पाहा. हा सल्ला दुकानदाराला रुचणार नाही आणि वाजवणाऱ्याला चटकन पटणार नाही. दुकानदाराची समजूत घालण्याचे कारण नाही. वाजवणाऱ्याची मात्र घातली पाहिजे. जितके नॉब जास्त तितके आवाज जास्त, आणि जितके आवाज जास्त तितके संगीत चांगले, हे त्याने कधीही तपासून न पाहता मान्य केलेले असते. न तपासता मान्य केलेल्या गोष्टींवर बोट ठेवणे हेच प्रबोधनाचे काम असेल, तर ते गिटारच्या पोटात शिरून करायलाही हरकत नाही.

पुण्या-मुंबईतच काय, सांगली-जळगावच्या कॉलेजांतही आता इलेक्ट्रिक गिटारचे नवल राहिलेले नाही. घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेली पहिली गिटार, सोबत छोटा अॅम्प आणि मोबाइलवर जगभरच्या वादकांचे व्हिडिओ, एवढ्यावर मुलामुलींचा श्रीगणेशा होतो. काही महिन्यांत एक गोष्ट खटकू लागते. आपला आवाज ‘त्यांच्यासारखा’ येत नाही. इथवर सगळे ठीक आहे, कारण खटकल्याशिवाय कोणी शिकत नाही. गडबड पुढे होते. डाव्या हाताचा दाब, पिक धरण्याची ढब, तार छेडण्याची जागा, व्हॉल्यूमचा नॉब, केबलची लांबी यांपैकी कशाकडेही न बघता खरेदी सुरू होते. पिकअप बदलून घे, पुश-पुल पॉट बसव, फेज उलटवणारा स्विच टाक, बूस्टरसाठी आत नऊ व्होल्टची बॅटरी कोंब, आणि एवढे करूनही समाधान झाले नाही की ‘जुन्या काळचा’ म्हणून विकला जाणारा कपॅसिटर पार्सलने मागव. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे फरक एवढाच की अंगण वाकडे आहे असे सांगणारा आणि नवे अंगण विकणारा इसम एकच असतो.

तेव्हा आधी झाकण उघडू. लेस पॉल धर्तीची गिटार पालथी घातली की पाठीवर प्लॅस्टिकचे झाकण दिसते. त्याचे स्क्रू काढले की आत चार पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रोध, असतात, दोन व्हॉल्यूमचे आणि दोन टोनचे. त्यांच्या दोन जोड्यांत आडवे पडलेले दोन कपॅसिटर, पॉटच्या पाठीवर सोल्डरचे राखाडी थेंब, आणि वर स्विचकडे व खाली जॅककडे गेलेल्या काही तारा. बस्स, एवढेच. ट्रान्झिस्टर नाही, चिप नाही, बॅटरी नाही. अशा रचनेला पॅसिव्ह सर्किट म्हणतात आणि तिचा एकच नियम लक्षात ठेवला की पुढचे सगळे सोपे होते. पॅसिव्ह सर्किट आवाजात काहीही घालू शकत नाही; त्यातून फक्त काढून घेऊ शकते.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये तिचे साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की या वेढ्यांत क्षीण वीज उमटते आणि केबलवाटे अॅम्पपर्यंत जाते. ती इतकी नाजूक असते की वाटेत जे जे जोडाल त्याचा तिला भार होतो. स्ट्रॅटमध्ये व्हॉल्यूमचा पॉट २५० किलोओहमचा आणि टोनचाही तेवढाच. दोन्ही नॉब दहावर, म्हणजे पूर्ण उघडे ठेवले, तरी ते सर्किटमधून बाहेर जात नाहीत. ट्रेबलच्या बाबतीत दोघे मिळून १२५ किलोओहमचा भार टाकतात. टोनच्या पॉटची तार सोडवली की १२५ चे २५० होतात, म्हणजे भार निम्म्याने हलका होतो. स्ट्रॅटचा पिकअप आणि पाचेक मीटरची केबल यांचा मिळून ४ किलोहर्ट्झच्या आसपास एक उठाव असतो. भार हलका झाला की तो उठाव टोकदार होतो. माणसाचा कानही साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो. म्हणून टोनचा पॉट काढलेल्या गिटारविषयी ‘आवाज मोकळा झाला’ असे लोक म्हणतात. यात चमत्कार काही नाही, साधे अंकगणित आहे.

याच अंकगणिताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही एक नवे खूळ विकू लागू. मोकळा आवाज म्हणजे आपोआप चांगला आवाज नव्हे. टेलिकास्टरच्या ब्रिजजवळच्या पिकअपवरचा भार फारच हलका केला तर तो कानात टोचतो. एकाच कॉइलच्या पिकअपला, म्हणजे सिंगल कॉइलला, २५० आणि दोन कॉइलच्या हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याची रीत पडली ती उगीच नाही. त्यामुळे माझा मुद्दा ‘सगळे काढून टाका’ असा नाही. गिटारमधल्या प्रत्येक सुट्या भागाने आपण तिथे का आहोत याचे उत्तर वाजवणाऱ्याच्या कानाला दिले पाहिजे, आणि ज्याला ते देता येत नाही त्याने जागा सोडावी, एवढेच म्हणणे आहे.

या कसोटीवर गिटारचा इतिहास पाहिला तर तो फार बोलका आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो वादकांना विचारून काम करी. १९५० मध्ये त्याने एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर बाजारात आणल्या आणि पुढच्याच वर्षी ब्रॉडकास्टरचे नाव टेलिकास्टर झाले. लाकडाची सपाट फळी, दोन पिकअप, दोन नॉब, एक स्विच. इतके साधे वाद्य, तरी त्याच्याही पोटात सुरुवातीला गुंता होता. स्विचच्या एका स्थितीत कपॅसिटर असा जोडलेला असे की आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा दबका यावा. ‘हा पिकअप, दोन्ही पिकअप, तो पिकअप’ ही आज प्रत्येकाला स्वाभाविक वाटणारी जोडणी कारखान्यातून यायला १९६७ साल उजाडावे लागले. साधेपणा आपोआप येत नाही, तो मागून घ्यावा लागतो. एस्क्वायरमध्ये तर पिकअप एकच होता, आणि तरीही तिच्या स्विचची मागची स्थिती टोनचा नॉब पूर्णपणे वगळून आवाज थेट व्हॉल्यूमकडे पाठवी. नॉबला बगल द्यायची सोय गिटारमध्ये पहिल्यापासून होती, हे विसरू नये.

१९५४ मध्ये गिब्सनने लेस पॉल ज्युनियर काढली ती विद्यार्थ्यांसाठी, स्वस्तातली म्हणून. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. पुढे माउंटन या बँडच्या लेस्ली वेस्टने याच गिटारवर असा भरदार आवाज काढला की ‘स्वस्तातली’ हा शब्द गळून पडला. १९७८ मध्ये व्हॅन हेलनचा पहिला अल्बम आला. एडी व्हॅन हेलनच्या हातात घरी जुळवलेली गिटार होती, तिला ब्रिजजवळ एक हंबकर आणि वाजवताना फिरवायला फक्त एक व्हॉल्यूमचा नॉब होता. त्या नॉबवर ‘टोन’ असे लिहिलेले होते, हा त्याचा खट्याळपणा. रॉकचा आवाज बदलून टाकणाऱ्या गिटारला टोनचा नॉबच नव्हता.

आता उलट बाजू पाहा. १९६२ मध्ये फेंडरने जॅग्वार काढली. दोन पिकअपसाठी तिच्यावर चार सरकते स्विच, दोन चकत्या आणि दोन नॉब, अशी आठ नियंत्रणे होती. त्याआधीच्या, १९५८ च्या जॅझमास्टरलाही ताल धरण्यासाठी वेगळे सर्किट होते. ज्या जॅझ वादकांसाठी ते बनवले त्यांनी त्या गिटारकडे पाठच फिरवली. १९७५ मध्ये जॅग्वार बंद पडली, १९८० च्या सुमारास जॅझमास्टरही. त्याला कारणे अनेक होती, पण पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. जुन्या बाजारात स्वस्त झालेल्या या गिटार सॉनिक यूथसारख्या बँडने उचलल्या आणि त्यांच्या पोटातली गर्दी उपसून काढली. २००९ मध्ये खुद्द फेंडरने त्या बँडच्या थर्स्टन मूर आणि ली रानाल्डो यांच्या नावाने जॅझमास्टर विकायला काढल्या, तेव्हा त्यांवर उरले होते एक व्हॉल्यूम आणि एक स्विच. कारखान्याने घातलेले वादकाने काढले, आणि पन्नास वर्षांनी कारखान्याने ते काढणे मान्य केले.

१९७७ हे साल तर या वादाचा निकालच आहे. त्या वर्षी गिब्सनने आरडी मालिका आणली. सिंथेसायझरसाठी नावाजलेल्या मूगच्या तंत्रज्ञांनी तिचे बॅटरीवरचे सर्किट रचले होते. हुशारीत ते कुठेही कमी नव्हते, पण वादकांना ते नको होते आणि काही वर्षांत ती मालिका गुंडाळली गेली. त्याच वर्षी फेंडरने स्ट्रॅटला पाच स्थितींचा स्विच दिला. १९५४ पासून तिला तीन स्थितींचा स्विच होता. वादकांना कळले होते की खटका दोन स्थितींच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळा, पोकळ, लाडिक आवाज येतो. वीसेक वर्षे लोक खटका असाच अडकवून वाजवत होते. कंपनीने त्यांचे ऐकले आणि मधल्या दोन जागा पक्क्या केल्या. तो स्विच आज जगभरच्या गिटारवर आहे. दोन्ही सुधारणा एकाच वर्षीच्या. एक कागदावर सुचली, दुसरी कानाने मागितली. कानाने मागितलेली टिकली.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना आज आपल्याकडे विकले काय जाते? पुश-पुल पॉट. नॉब वर ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते आणि ‘स्ट्रॅटसारखा’ आवाज मिळतो, असे सांगतात. जरा तपासू. हंबकर बनवला तोच मुळी घरघर घालवण्यासाठी. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्या आणि त्यांचे चुंबकी ध्रुवही उलट ठेवले, म्हणजे आसपासच्या विजेच्या वायरिंगमधून येणारी घरघर आपापसात कटते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. १९५५ मध्ये त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातली एक कॉइल बंद केली की घरघर परत येते, म्हणजे सोडवलेला प्रश्न आपण पैसे देऊन पुन्हा विकत घेतो. शिवाय जुन्या धर्तीच्या हंबकरच्या एका कॉइलला साधारण पाच हजार वेढे असतात आणि स्ट्रॅटच्या पिकअपला साडेसात-आठ हजार. अर्धा हंबकर म्हणजे स्ट्रॅट नव्हे, अर्धा हंबकरच. असे चार पुश-पुल आणि तीन स्थितींचा स्विच मिळून कागदावर ४८ स्थिती होतात. डोळे बांधून त्यांतल्या चार तरी ओळखून दाखवता येतील का, हा प्रश्न विकणारा विचारत नाही आणि घेणाराही स्वतःला विचारत नाही.

कपॅसिटरची गोष्ट त्याहून वाईट, कारण तिथे सरळ अंधश्रद्धा आहे. १९५० च्या दशकातल्या गिटारमध्ये असलेले तेल-कागदाचे कपॅसिटर आज मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जातात आणि त्यांच्या नकलाही महाग जातात. टोनच्या कपॅसिटरचे काम काय? नॉब खाली आणला की ट्रेबल जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे वळवायचा. किती वळवायचा हे त्याच्या मूल्यावर ठरते. हंबकरला बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरड, सिंगल कॉइलला ०.०४७. मूल्य बदलले तर नॉब खाली आणताना फरक नक्की ऐकू येतो. पण त्याच मूल्याचा कपॅसिटर तेल-कागदाचा आहे की काही रुपयांचा पॉलिएस्टरचा, याने गिटारच्या क्षीण विजेला कानाला कळेल असा फरक पडत नाही. आणि नॉब दहावर असेल तर कपॅसिटरच्या आड आधीच २५० किंवा ५०० किलोओहम उभे असतात. मग त्याचे मूल्यही जवळजवळ निरर्थक होते. म्हणजे टोनचा नॉब कधीच न हलवणारा मुलगा ज्या वस्तूसाठी खिसा रिकामा करतो, ती वस्तू त्याच्या आवाजात भागच घेत नसते.

विश्वास बसत नसेल तर बसवू नका, पारखून पाहा. सारख्याच मूल्याचे दोन कपॅसिटर घ्या, दोन्ही मीटरवर मोजून घ्या, एका स्विचवर जोडा. मित्राला स्विच बदलायला सांगा, कोणता लावला ते तुम्हाला न सांगता. तुम्ही पाठ करून बसा आणि प्रत्येक वेळी ओळखा. तो कागदावर टिपत जाईल. शेवटी ताळा बघा. नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर येतील तेवढीच आली, तर तो फरक कपॅसिटरमध्ये नव्हता, किमतीच्या चिठ्ठीत होता. ज्या महाराष्ट्रात आगरकरांनी बुद्धीची कसोटी लावल्याशिवाय काही मानू नका असे सांगण्यात आयुष्य घालवले, तिथे एवढी साधी कसोटी आपण आपल्या छंदाला लावू नये, हे शोभत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. क्वीन या बँडच्या ब्रायन मेच्या गिटारवर तर सहा स्विच आहेत, मग त्या बँडचा आवाज वाईट का? आक्षेप चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरात माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९६३ मध्ये किशोरवयीन ब्रायनने वडिलांच्या मदतीने घरीच ती गिटार बनवायला घेतली. मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तीन पिकअप आणि प्रत्येकाला दोन स्विच, एक चालू-बंद करायला आणि एक फेज उलटवायला. व्हॉल्यूम मात्र एकच, टोनही एकच. त्यातला कोणता स्विच काय करतो हे त्याला पुस्तिकेतून वाचावे लागले नाही, कारण प्रत्येक तार त्याने स्वतः जोडली होती. सहा स्विचची गिटार त्याच्यासाठी साधी होती. दुकानातून घेतलेली दोन स्विचची गिटारसुद्धा तुमच्यासाठी गुंत्याची असू शकते, जर त्यातला एक स्विच काय करतो हे तुम्हाला सांगता येत नसेल.

दुसरा आक्षेप व्यवसायाचा. स्टुडिओत किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला एका संध्याकाळी लावणीपासून रॉकपर्यंत सगळे वाजवावे लागते. त्याला विविधता नको का? हवीच. पण अशा वादकाला जाऊन नीट पाहा. तो नॉब फारसे वाढवत नाही. आहेत तेच नॉब वाजवता वाजवता फिरवतो. रॉय बुकॅनन टेलिकास्टरच्या व्हॉल्यूमवर करंगळी ठेवून सुरांना व्हायोलिनसारखा फुलोरा देत असे आणि टोनचा नॉब फिरवून तारेला बोलते करी. जेफ बेकने पुढे पिक टाकून दिली, आणि बोटे व व्हॉल्यूमचा नॉब यांतून एका आघातात दहा छटा काढल्या. विविधता त्यांच्या हातात होती. नॉब एकच असला तरी दहापासून शून्यापर्यंत तो किती ठिकाणी थांबतो, हे आपण मोजूनही पाहिलेले नसते.

आता आपल्या समाजाची एक खोड उघड बोलली पाहिजे. आपल्या शिकलेल्या घरांत हाताने काम करण्याची लाज आहे. मुलाला कोडिंग यावे असे वाटते, पण सोल्डरिंग आयर्न हातात धरला की ‘ते मेकॅनिकचे काम, तू अभ्यास कर’ असे ऐकवले जाते. वाद्याच्या पोटात काय आहे हे न कळणारा वादक या लाजेतूनच तयार होतो, आणि ज्याला आतले कळत नाही त्याला बाहेरून कोणीही काहीही विकू शकतो. वास्तविक आपल्या परंपरेत असे नव्हते. मिरजेच्या तंबोऱ्याला एकही नॉब नाही, पण गवई मैफलीला बसण्याआधी स्वतः घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवून जवारी लावतो. नाद उघडला की मिटला हे त्याचा कान ठरवतो, आणि ते काम तो दुसऱ्यावर सोपवत नाही. गिटारवादकाने एवढे तरी गवयाकडून घ्यावे.

मग करायचे काय? पहिले, काहीही उघडण्याआधी काही दिवस एकाच पिकअपवर, एकाच अॅम्पवर, पेडल बाजूला ठेवून वाजवा. आवाज बदलायचा तो तार छेडण्याची जागा बदलून आणि व्हॉल्यूम फिरवून. सातवर आणला की आवाज मंद आणि मेणचट होतो, असे लगेच लक्षात येईल. बहुतेकांनी याच कारणाने नॉब दहावर कायमचा ठेवलेला असतो. याचे कारण केबल. साध्या केबलची धारिता मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड असते, म्हणजे पाच मीटरला पाचशे. ५०० किलोओहमचा पॉट मध्यावर असताना तो आणि ही केबल मिळून साधारण अडीच किलोहर्ट्झच्या वरचा ट्रेबल खाऊन टाकतात. उपाय तीन, तिन्ही स्वस्त. घरी तीन मीटरची केबल वापरा. किंवा टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पिकअपकडच्या टोकाऐवजी मधल्या टोकाला जोडा. १९५० च्या दशकातल्या लेस पॉलमध्ये अशीच जोडणी होती आणि तीत व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल कमी मरतो. किंवा व्हॉल्यूमच्या त्याच दोन टोकांत एक छोटा कपॅसिटर टाका, याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. सगळा खर्च एका पेडलच्या डब्याएवढाही नाही.

दुसरे, एक मल्टिमीटर घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो. पॉटवर छापलेल्या आकड्यात बहुधा वीस टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ‘५०० के’ लिहिलेला पॉट ४०० किंवा ६०० ही असू शकतो. दोन ब्रँडच्या पॉटमध्ये ऐकू येतो म्हणतात तो फरक बऱ्याचदा इथे असतो. पॉटवरचे अक्षरही पाहा. ए म्हणजे कानाच्या चढणीने फिरणारा, बी म्हणजे सरळ रेषेत फिरणारा. व्हॉल्यूमला बी असेल तर नॉब दहापासून तीनपर्यंत फारसा काही करत नाही आणि मग एकदम आवाज पाडतो. तो ए ने बदलला की हातात एक नवे नियंत्रण आल्यासारखे वाटते, आणि नॉबची संख्या तेवढीच राहते.

तिसरे, न वापरलेला भाग सोडवून पाहा. मोबाइलवर आधी फोटो काढा, एकच तार उचला, तिचे टोक टेपने झाका, आणि आठवडाभर वाजवा. काढलेले सुटे भाग पिशवीत घालून गिटारच्या केसमध्ये ठेवा, म्हणजे विकायची वेळ आली तर मूळ रूप परत देता येते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात पॉट खरखरतात. बदलण्याआधी त्यात काँटॅक्ट क्लीनर मारून नॉब दहावीस वेळा फिरवा, बरेचदा तेवढ्यानेच भागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या हॉलात तात्पुरती जोडणी करताना अर्थची तार लावलेलीच नसेल, किंवा ‘घरघर जाते’ म्हणून प्लगची तिसरी पिन काढली असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की शॉक बसू शकतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. घरघर अर्थिंग तोडून घालवायची नसते. पॉटच्या खोबणीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली की बरीचशी खरखर जाते. सिंगल कॉइलमध्ये उरते ती ५० हर्ट्झची गुणगुण. डिमरच्या दिव्यांपासून आणि अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर उभे राहिले की तीही कमी होते. तेल-कागदाच्या कपॅसिटरवर पैसे उडवणाऱ्या मंडळाने आधी वायरमनला पैसे द्यावेत.

माझे तरुण वादकांना आणि त्यांच्या पालकांना एवढेच सांगणे आहे. पुढची कोणतीही वस्तू मागवण्याआधी आपल्या गिटारचे झाकण उघडा, आतल्या प्रत्येक तारेचे काम वहीत लिहा, आणि जिचे काम लिहिता येत नाही ती सोडवून वाजवून पाहा. फरक ऐकू आला आणि तो हवासा वाटला तर पुन्हा जोडा. ऐकू आला नाही तर ती तार काढून ठेवा, आणि तिच्यापायी होणारा पुढचा खर्च वाचवून तो एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या फीसाठी वापरा.